लॉफ्ट काढायचाय

पायातले बूट न काढता ती माणसं पोटमाळ्यावर चढली, तेव्हा संस्कृतीचा नुकता कुठं डोळा लागला होता.

सत्यशीला खाली ओट्यापाशी बाजरीचं पीठ मळत होती. लोखंडी जिन्यावर बुटांचा आवाज झाला तशी ती पिठाच्या हातानंच धावली. "अहो, हळू जरा. लेकरू निजलंय वर."

एजंटनं मागं वळूनही पाहिलं नाही. त्याच्यामागं एक नवराबायको होते. बाई कठड्याला हात लावून तो स्वच्छ आहे का ते बघत होती. आणि सगळ्यांच्या मागं अमृत, सत्यशीलेचा थोरला भाऊ. पुण्याहून सकाळीच गाडी काढून आलेला, इस्त्रीच्या शर्टात. त्यानं बहिणीकडं बघून हातानंच 'थांब, थांब' अशी खूण केली. घरात आलेल्या कामवालीला करावी तशी.

"हा बघा सर," एजंट वरून सांगत होता. "सावेडीत असा लॉफ्ट दुसरा दाखवा, मी धंदा सोडीन. तीन लेव्हल. खाली लिव्हिंग, मधे हा लॉफ्ट, वर टेरेसची रूम. समोर कॅफे, पलीकडं जिम. संध्याकाळी बघा या रस्त्यावर काय क्राउड असतो! आणि हा गर्डर बघा, ओरिजिनल. असला लूक आणायला लोक खोटे गर्डर बसवतात."

तो गर्डर आण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, लाकडाच्या वखारीचा होता. सावेडीत नुसती बाभळीची झाडं होती तेव्हा आण्णांनी इथं वखार टाकली. पुढं आजूबाजूला गाव वाढलं, बिल्डर आला, वखारीच्या जागी इमारत झाली. मोबदल्यात मिळालेलं वरचं घर मात्र आण्णांनी हट्टानं उंच छताचं करून घेतलं. खालच्या मजल्यासारखं डबीत राहणार नाही म्हणाले. मधे पोटमाळा काढला आणि वखारीचा गर्डर आडवा टाकला. घर आईच्या, आक्काबाईंच्या नावावर केलं. स्वतः मात्र त्यात दोन दिवाळ्यादेखील न बघता गेले. आक्काबाई पारनेरकडच्या गावी शेतावरच राहिल्या. राहुरीचं सासर सोडून कडेवर तान्ही लेक घेऊन सत्यशीला आली, तेव्हा या घराचं कुलूप उघडलं ते तिनं.

पोटमाळ्यावर आता तिची आरीवर्कची चौकट होती. मोठ्या खिडकीतून दिवसभर उजेड येई. त्या उजेडात ती नवऱ्या मुलींच्या ब्लाऊजवर मणी आणि जर टाचायची, आणि चौकटीच्या पायाशी गोधडीवर संस्कृती निजायची.

"हे सगळं सामान काढलं की केवढं मोकळं होईल ना," घर बघायला आलेली बाई नवऱ्याला म्हणाली. 'हे सगळं' म्हणताना तिचा बूट चौकटीवरून लोंबणाऱ्या शेंदरी ब्लाऊजच्या बाहीवर पडला होता.

"ताई, पाय," मागोमाग वर आलेली सत्यशीला म्हणाली.

"अय्यो, सॉरी. हे तुम्ही करता? छान आहे हं. भाड्यानं राहता का इथं?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला सत्यशीलेनं तोंड उघडलं आणि अमृतनं घाईघाईनं मधेच बोलून टाकलं, "बहीण आहे माझी. सध्या आलीये चार दिवस."

चार दिवस! तीन पावसाळे तिनं या खिडकीतून पाहिले होते. गच्चीचं गळणं तिनं थांबवलं, पाण्याची मोटार तिनं बदलली, लेक या फरशीवर रांगायला शिकली. एवढ्यात संस्कृती दचकून उठली, अनोळखी तोंडं बघून भोकाड पसरलं तिनं. सत्यशीलेनं पीठ लागल्या हातांनीच तिला उचललं. लेकराच्या झबल्यावर पांढरे पंजे उमटले. ओलसर गाल तिच्या गळ्याशी आला तशी तिला वाटलं, या सगळ्यांना एकदा जिन्यावरून खाली ढकलावं. पण आई येईपर्यंत बोलायचं नाही, असं तिनं शुक्रवारपासून ठरवलं होतं.

शुक्रवारी अमृतचा फोन आला होता. "रविवारी पार्टी येतीये घर बघायला. जरा आवरून ठेव. आईशी बोलणं झालंय माझं, ती हो म्हणालीये. मी विचारलं पण, सत्याशी बोलू का? तर आई म्हणाली, तिला काय विचारायचं, तिचं काय आहे त्यात?"

तिचं काय आहे त्यात. दोन दिवस टाका घालताना तिला हेच शब्द ऐकू येत होते. आईला फोन लावून विचारायचं धाडस तिला झालं नाही. आई फोनवर 'व्हय, म्हनले मी' असं म्हणाली असती तर? तिनं फक्त धाकट्या भावाला, बिभीषणला, फोन केला आणि सांगितलं, "रविवारी आईला घेऊन ये. जेवायलाच या."

पार्टी खाली उतरत होती तेव्हा आक्काबाई दारात आल्या. लिफ्टची त्यांना भीती, म्हणून सगळे मजले चढून. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, एक हात बिभीषणच्या खांद्यावर. मागून अमृतची बायको रुपाली, त्यांची पिशवी घेऊन. ती खाली गाडीत फोनवर बोलत बसली होती.

"ह्ये कोन?" आक्काबाईंनी दम खात विचारलं.

"आई, तू बस आधी," अमृत म्हणाला. "पाणी दे गं सत्या."

एजंट मात्र हुशार. मालकीणबाई हीच, हे त्यानं ओळखलं. वाकून नमस्कार केला. "आजी, तुमचाच होकार हवा होता. साहेब म्हणाले तुम्ही आनंदानं हो म्हणालात लॉफ्टला. पार्टीला फार आवडलाय."

"लाफ?" आक्काबाईंनी पदर तोंडातून सोडला. "लाफ आवाडला? कुनाला?"

"यांना."

आक्काबाईंनी त्या नवराबायकोकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पर आता काय उपेग? त्यो तर मी काढला की! त्याच दिवशी. ह्यो बिभीषन हुता. समदं काढून भंगारवाल्याला दिलं. तुमाला हंडा-बिंडा पायजे हुता का?"

कुणालाच काही कळेना. पार्टीतला नवरा कसनुसं हसला. फक्त बिभीषण खाली बघून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. त्याला कळलं होतं, आणि ते सत्यशीलेनं पाहिलं.

"आई," ती म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज नीट फुटला. "कुठला लाफ काढला तू?"

"आपला गं. गावाकडचा, न्हाणीच्या वरला. गवंडी न्हाई का लाफ-लाफ म्हनत हुता, त्यो. अमृतचा फोन आला, मी तव्याम्होरं. म्हनला, आई, लॉफ्ट काढायचाय, काय म्हनतीस? म्हनलं, काढ की बाबा. धूळ खात पडलंय नुसतं. फुटकी घमेली, तुज्या आण्णांच्या मोडक्या करवती, उंदरानी घर केलंया. म्हनला, सत्याला इचारू का? म्हनलं, तिला काय इचारायचं? तिचं काय हाय त्यात?" मग त्यांचं लक्ष लेकीच्या चेहऱ्याकडं गेलं. "का गं? तुजं हुतं का काही त्यात? येक जुनी परात हुती, ती तुजी हुती का?"

सत्यशीलेच्या तोंडून विचित्र आवाज निघाला, धड हसू नव्हे, धड रडू नव्हे. संस्कृती घाबरून तिच्या हनुवटीला हात लावायला लागली.

अमृतनं पार्टीला आणि एजंटला दाराकडं नेलं. "संध्याकाळी बोलतो. घरचं जरा... काही नाही, संध्याकाळी बोलतो." दार लागलं. आणि मग सत्यशीला बोलली.

"दादा, तुला कळलं नव्हतं का रे? आई तव्यासमोर बसून हे घर विकायला होकार देईल? एका शब्दात? आण्णांचं घर?"

"मला वाटलं तिला समजलं. मी स्पष्ट विचारलं."

"स्पष्ट? लॉफ्ट काढायचाय, हे स्पष्ट? आयुष्यात कधी या घराला लॉफ्ट म्हणालास तू? पोटमाळा म्हणत आलो ना आपण? घर विकायचंय, एवढं म्हणायला काय जीभ झडत होती?"

"जाहिरातीत तसंच लिहितात गं..."

"आई जाहिरात वाचते का?"

रुपाली इतका वेळ पिशवी धरून उभी होती. तिनं ती हळूच खाली ठेवली. "एक मिनिट," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही मला सांगितलं, आईंना सगळं समजावून सांगितलं. म्हणालात, अर्धा तास बोललो."

"रुपाली, तू मधे पडू नको."

"मधे कशी पडू नको? मी माझ्या आईला फोन करून सांगितलं, सासूबाई स्वतः म्हणाल्या म्हणून. ताईंना मी काल मेसेज केला, 'नवीन सुरुवातीला शुभेच्छा' म्हणून. मला काय माहीत? कशी वाटले असेन मी त्यांना!"

तो मेसेज सत्यशीलेनं वाचला होता. फुलांचं चित्रही होतं त्यात. काल रात्री त्या फुलांवर ती जेवढी चिडली होती, तेवढी कशावरच नाही. आता वहिनीचा लाल झालेला चेहरा बघून तो राग बिचकला आणि दुसरीकडं वळला, खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडं.

"बिभ्या."

"काय?"

"तू होतास तिथं. फोन चालू होता तेव्हा तू आईजवळ होतास. लाफ तू रिकामा केलास. तुला कळलं होतं ना आई काय समजली?"

बिभीषणनं खिडकीबाहेर तोंड वळवलं. शेतात, बाजारात, पारावर त्याचं तोंड कधी बंद नसायचं.

"बोल की."

"मला वाटलं... दादा सांगल नंतर तिला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"अगं, मी काय मालक हाय का? दादा म्हनला, तू गप राहा, व्यवहार झाला की तुला पिकअप घेऊ. बाजाराला माल न्यायला. मी कुनाचं वाईट चिंतलं न्हाई." त्याचा आवाज रडवेला झाला. "तुज्यासाटी बी म्हनला हुता. केडगावला बघून देतो म्हनला."

"केडगावला? शहराच्या पार त्या टोकाला?"

आता अमृतला बोलायला जागा मिळाली. तो खुर्ची ओढून आईसमोर बसला. आवाज खाली आणला. लहानपणी आण्णांकडून काही हवं असलं की तो असाच बसायचा, गुडघ्यावर कोपरं टेकून. "आई, ऐक. शब्दाची चूक झाली, मान्य. पण माझं म्हणणं चूक आहे का ते बघ. हे घर कुणाचं? तुझं. म्हणजे आम्हा तिघांचं. त्यातलं एक जण राहतं, दोघं बघत बसतात. बिल्डरच्या मागं पायातल्या वहाणा झिजवल्या त्या मी. पुण्यात आम्ही चार माणसं दोन खोल्यांत आहोत, पोरं ओट्यावर अभ्यास करतात. आज या रस्त्याला भाव आहे, उद्या नसेल. सत्याला केडगावला छान वन बीएचके बघू, तळमजल्याचा. तिला काय, माणसं दोनच. हा उंच जिना लेकराला धोक्याचाच आहे."

"हे मात्र खरंय, ताई," रुपाली हळूच म्हणाली. "ओट्यावरचं. ते खोटं नाही."

सत्यशीलेला ते कळत होतं. तिनं ती खोली पाहिली होती. पोरांची दप्तरं गॅसच्या शेगडीशेजारी. वहिनी वाईट नव्हती, फक्त थकलेली होती. म्हणूनच जास्त राग येत होता. हे सगळं कुणी तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यात बघून सांगितलं असतं तर तिनं कदाचित ऐकून घेतलं असतं.

आक्काबाईंनी पदरानं कपाळ टिपलं. मग त्या म्हणाल्या, "केडगावला काय वाईट हाय गं सत्ये? तिथं आपल्या गावच्या लई जनी हायत."

लाफचा गोंधळ निस्तरला म्हणजे आई आपल्या बाजूची झाली, असं सत्यशीलेनं धरलं होतं. तसं काही नव्हतं. आई कुणाच्याच बाजूची नव्हती. आई म्हणजे ज्याचं बोलणं शेवटी ऐकलं त्याची, हे तिला इतक्या वर्षांनी परत एकदा कळत होतं.

"वाईट काही नाही आई," ती म्हणाली. "केडगाव चांगलं आहे. पण माझ्याकडं ब्लाऊज द्यायला बाया येतात त्या या रस्त्यावरच्या. हा उजेड आहे म्हणून मला टाका दिसतो. तळमजल्यावर दिवसा दिवा लावून मणी ओवू का मी? आणि ते सगळं जाऊ दे. माझं म्हणणं कुणी विचारलं का, एवढंच सांग. त्या एजंटला माहीत होतं, त्याच्या पार्टीला माहीत होतं, वहिनीच्या आईला माहीत होतं. माझ्या लेकराच्या अंथरुणावरून माणसं बूट घालून गेली. आणि तो म्हणतो, बहीण आलीये चार दिवस. राहुरीहून निघाले तेव्हा सासरची माणसं काय म्हणाली होती, आठवतं ना तुला? तुझं इथं काय आहे, म्हणाली होती. अगदी हेच शब्द."

संस्कृती आता पुरती जागी झाली होती. ती आईच्या कडेवरून घसरून खाली उतरली आणि आजीच्या मांडीशी जाऊन तिची बोरमाळ ओढायला लागली. आक्काबाईंनी तिच्या झबल्यावरचे पिठाचे पंजे पाहिले. हातानं झटकायला गेल्या. पीठ वाळलं होतं, निघेना. त्या तेवढंच करत राहिल्या बराच वेळ.

"अमृत," त्या म्हणाल्या, खाली बघूनच.

"हां."

"इचार तिला."

"काय?"

"मला फोन करून इचारलं ना? मी तर शेतावर असती. हितं राहती ती. तिला इचार."

"आई, आता ऐकलंस ना तिचं..."

"ती आपली आपन बोलली. तू इचारलं न्हाईस. इचार."

अमृतनं घसा खाकरला. "हे बघ सत्या, आपण असा विचार करतोय, की प्रॉपर्टी जर योग्य वेळी लिक्विडेट केली..."

"काय केली?" आक्काबाई म्हणाल्या.

"म्हणजे मोकळी केली तर..."

"मोकळी? बांधून ठिवलीय व्हय? आपल्या बोलीत सांग, मला समजंल असं."

"आई, मी काय दुसरीतला पोरगा आहे का?"

"त्याला बी सरळ बोलता येतं."

बिभीषणला हसू फुटलं आणि त्यानं ते गिळलं. अमृतच्या कपाळावर घाम आला होता. तो परत बहिणीकडं वळला. "आपल्या सगळ्यांच्या भल्याचं असेल तर, तुझ्या सोयीनं, तुला कधी शिफ्ट व्हायला..."

"शिफ आन लाफ नगं!" आक्काबाईंचा आवाज एकदम चढला. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारायचा तो आवाज होता. संस्कृती दचकली. "लाफ म्हनून मला गंडावलं, आता तिला गंडावतोस? काय मागायचंय ते त्वांडानं माग! लाज वाटत आसंल तर मागू नको!"

समोरच्या कॅफेतलं गाणं खिडकीतून येत होतं. अमृत उठून उभा राहिला. त्याचं पुण्याचं बोलणं गळून पडलं आणि पारनेरचं बाहेर आलं.

"सत्ये, मला घर इकायचंय. तू हितनं निघ. निघतीस का?"

अखेर कुणीतरी विचारलं होतं. प्रश्न इतका उघडावाघडा होता, की अमृतलाच तो ऐकवला नाही. त्यानं मान फिरवली. सत्यशीलेला वाटलं होतं, असं कुणी विचारलं तर आपण खूप बोलू. राहुरीचं बोलू, आण्णांचं बोलू, तीन वर्षांचं सगळं बाहेर काढू. पण त्यातलं काहीच लागलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

"झालं," आक्काबाई म्हणाल्या. "इचारलं, तिनं सांगितलं. माजी सही मिळायची न्हाई. तुमच्या दोन खोल्यांचं बघू, त्याला दुसरी वाट काढू. ती बी बसून, समद्यांम्होरं. फोनवर न्हाई."

"मी शब्द दिलाय त्या लोकांना!"

"तुजा दिलास. माजा नव्हता त्यो."

अमृत चावी उचलून निघाला. जेवायला थांब, असं कुणी म्हणालं नाही. रुपाली दारापर्यंत त्याच्यामागं गेली, थांबली, परत आली. सत्यशीलेजवळ येऊन उभी राहिली. मग तिनं पदरानं पोरीचं नाक तेवढं पुसलं. "येते मी, ताई. तो मेसेज पुसून टाका," म्हणाली आणि गेली. तिच्या चपलांचा आवाज कितीतरी वेळ जिन्यावरून खाली जात राहिला. लिफ्ट समोर असून ती चालत उतरत होती. नवऱ्याला गाडीत जरा वाट बघू दे, असंच बहुतेक.

सत्यशीला ओट्याकडं वळली. पिठावर पापुद्रा आला होता. तिनं पाण्याचा हात लावून ते परत मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. भाकरी गोल आली. शेंगदाण्याची आमटी ऊन केली. आईला पाट दिला, ताट वाढलं. संस्कृतीला वाटीत भाकरी कुस्करून दिली. बिभीषण हात धुऊन आला आणि सवयीप्रमाणं आईच्या शेजारी मांडी घालून बसला. दर महिन्याला बाजाराला आला की तो इथंच जेवायचा.

सत्यशीलेनं पुढची भाकरी उलटली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.

बिभीषणच्या पुढ्यात ताट नव्हतं. मग त्यानं आईकडं पाहिलं. गावाकडं लेकांची ताटं वाढल्याशिवाय आक्काबाईंनी कधी घास तोंडात घातला नव्हता, आणि लेकीला 'वाढ गं त्याला' म्हणायला त्या कधी चुकल्या नव्हत्या. त्यांनीही बिभीषणकडं पाहिलं. मग सत्यशीलेकडं. मग त्यांनी भाकरी मोडली आणि आमटीत बुडवली.

बिभीषण उठला. ओट्याशी जाऊन उभा राहिला. एक कपाट उघडलं, त्यात डबे होते. दुसरं उघडलं, त्यात संस्कृतीची दुधाची बाटली आणि पीठ होतं. ताटं कुठं असतात ते त्याला माहीत नव्हतं. दोघी जेवत होत्या. कुणी सांगितलं नाही.